एका शाळेची तीन वर्षे

कोणत्याही मोठ्या हायस्कुलात पाऊल टाकले की दाराशीच एक काळा फलक दिसतो. त्यावर रोज सकाळी सुवाच्य अक्षरांत शाळेच्या वार्ता लिहिलेल्या असतात. अमक्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती मिळाली, शनिवारी खो-खोचा सामना आहे, स्नेहसंमेलनासाठी नावे सोमवारपर्यंत द्यावीत, सहामाही परीक्षेचे वेळापत्रक लागले. बाहेरच्या जगास या वार्तांचे महत्त्व नसते. पण मुले फलकापुढे गर्दी करून त्यांतील अक्षर न् अक्षर वाचतात. कारण फलकावर जे लिहिले आहे ते आपल्यासाठी आहे, असे त्यांना वाटत असते. माझा जन्म शिक्षकाच्या पेशात गेला. हा फलक मी कित्येक वर्षे वाचीत आलो आहे आणि पाळी आली तेव्हा लिहीतही आलो आहे. म्हणूनच ज्या शाळेच्या वार्ता १९५७ ते १९६० या काळात साऱ्या जगाने वाचल्या, त्या शाळेची हकीकत आज आपणांस सांगावी असे मनात आहे.

ही शाळा अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या राजधानीत, लिटल रॉक या शहरी आहे. सेंट्रल हायस्कूल हे तिचे नाव. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटले की श्रीमंतांच्या मुलांची महागडी शाळा डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत त्या शब्दाचा अर्थ नेमका उलट आहे. लोकांनी भरलेल्या करावर चालणारी, लोकांनी निवडलेल्या मंडळाने चालविलेली, फी न घेणारी अशी ती सर्वांची शाळा. सेंट्रलची भव्य इमारत १९२७ साली सुमारे १५ लाख डॉलर खर्चून उभी राहिली. अमेरिकेतील सर्वांत सुंदर हायस्कूल म्हणून तिची ख्याती झाली. दोनच वर्षांनी, १९२९ साली, त्याच शहरात डनबार हायस्कूल उभे राहिले. त्यास सुमारे ४ लाख डॉलर खर्च आला. पहिली शाळा गोऱ्या मुलांची आणि दुसरी कृष्णवर्णीय मुलांची. कर मात्र दोघांचेही आईबाप भरीत होते.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, वर्णावरून मुलांना वेगवेगळ्या सार्वजनिक शाळांत बसविणे घटनाबाह्य आहे, असा निकाल दिला. लिटल रॉकच्या शाळामंडळाने तो मान्य केला खरा, पण पावले फार जपून टाकली. आरंभ फक्त हायस्कुलापासून आणि तोही सप्टेंबर १९५७ मध्ये करावयाचा, असे ठरले. शेवटी नऊ विद्यार्थी उरले. सहा मुली आणि तीन मुलगे. शाळेत सुमारे १,९०० गोरी मुले आणि त्यांत ही नऊ! शिवाय त्यांना आधीच बजावण्यात आले होते की, वर्गात बसा, अभ्यास करा. परंतु खेळ, गायन, वाद्यवृंद, मंडळे यांत भाग घेता येणार नाही. म्हणजे फलकावरील आगामी कार्यक्रमांपैकी एकही त्यांच्यासाठी नव्हता. शाळेची दारे उघडणे आणि शाळा आपली होणे यांतील अंतर या एका अटीवरून ध्यानात येते.

दारेही सुखासुखी उघडली नाहीत. राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी शांततारक्षणाच्या नावाखाली राज्याचे सैनिक शाळेभोवती उभे केले. ४ सप्टेंबर १९५७ रोजी सकाळी ही मुले एकत्र जमून शाळेत जावयाची होती. पंधरा वर्षांच्या एलिझाबेथ एकफोर्डच्या घरी टेलिफोन नव्हता, त्यामुळे तिला तो निरोप पोहोचलाच नाही. ती एकटीच निघाली. सैनिकांनी तिला अडविले. मागे खवळलेला जमाव, पुढे संगिनी आणि मधे छातीशी वह्या धरलेली मुलगी, असे ते छायाचित्र जगभर छापले गेले. ती शांतपणे चालत बसथांब्यावरील बाकापर्यंत आली व तेथे बसली. त्या जमावात दोन माणसे तिच्याजवळ आली. एक वृत्तपत्राचा बातमीदार आणि दुसरी ग्रेस लॉर्च ही गोरी स्त्री. तिनेच एलिझाबेथला बसमध्ये बसवून तेथून नेले.

पुढे न्यायालयाच्या आज्ञेने राज्याचे सैनिक हटले. २३ सप्टेंबरला ही नऊ मुले बाजूच्या दाराने आत गेली. पण बाहेर सुमारे हजाराचा जमाव माजला आणि दुपारपूर्वीच त्यांना बाहेर काढावे लागले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी लष्कराच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमधील सुमारे १,२०० सैनिक धाडले. २५ सप्टेंबर रोजी त्यांच्या पहाऱ्यात मुलांनी पुढच्या दारातून शाळेत प्रवेश केला. नऊ मुलांना वर्गात नेऊन बसविण्यासाठी एका बलाढ्य राष्ट्रास सेना पाठवावी लागली!

यानंतरची शाळेची वार्ता दोन तऱ्हेची होती. एक छापलेली आणि दुसरी न छापलेली. 'टायगर' नावाचे विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र तेथे निघत असे. त्याच्या विद्यार्थिनी-संपादिकेने १९ सप्टेंबरच्या अंकात, ही आपल्या शाळेची कसोटी आहे, तिला आपण उतरू काय, असा प्रश्न मोठ्या धीराने आपल्या सोबत्यांपुढे मांडला होता. त्या वर्षी शाळेचा फुटबॉल संघ एकही सामना हरला नाही, हीही अभिमानाची वार्ता होती. न छापलेली वार्ता जिन्यावर, व्हरांड्यात आणि खाणावळीत घडत होती. धक्के, शिव्या, अंगावर टाकलेली शाई, लाथा हे रोजचेच होते. मिनिजिन ब्राउन या मुलीस डिसेंबरमध्ये खाणावळीत अडविण्यात आले, तेव्हा तिच्या हातातील कालवणाचे भांडे दोन मुलांच्या अंगावर सांडले. तिला काही काळ शाळेबाहेर ठेवण्यात आले आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये कायमचे काढून टाकण्यात आले. मग 'एक गेली, आठ उरले' अशा मजकुराच्या चिठ्ठ्या मुलांत फिरू लागल्या. हेही शाळेतील वार्तापत्रच म्हणावयाचे.

तरीही २७ मे १९५८ हा दिवस उजाडला. पदवीदान समारंभात ६०२ विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रे मिळावयाची होती. त्यांत अर्नेस्ट ग्रीन हा एकच कृष्णवर्णीय. इतरांची नावे पुकारली की टाळ्या पडत. ग्रीनचे नाव पुकारले तेव्हा मैदानावर शांतता पसरली. तो चालत गेला, प्रमाणपत्र घेतले आणि परतला. प्रेक्षकांत त्याच्या कुटुंबीयांसमवेत एक तरुण धर्मोपदेशक बसले होते. ते मार्टिन ल्यूथर किंग होत.

येथे पहिले वर्ष संपले. दुसऱ्या वर्षाची कथा याहून विलक्षण आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील एकत्रीकरण लांबणीवर टाकण्यास नकार दिला, तेव्हा गव्हर्नरांनी शहरातील चारही सरकारी हायस्कुले बंद केली. २७ सप्टेंबरला लोकांचे मत घेण्यात आले. एकत्रीकरणाच्या विरुद्ध १९,४७० मते पडली आणि बाजूने ७,५६१. सर्वांनी एकत्र शिकण्यापेक्षा कोणीच शिकू नये, हे बहुमताने पत्करले. ३,६६५ विद्यार्थी शाळेवाचून राहिले.

शिक्षकांशी मात्र करार झालेले होते. म्हणून ते रोज वेळेवर येत, हजेरी देत आणि रिकाम्या बाकांपुढे बसत. श्रोतेहो, जन्मभर वर्गात उभ्या राहिलेल्या माणसास या शिक्षेची कल्पना सांगावी लागत नाही. फलक आहे, खडू आहे, शिक्षक आहे आणि वाचावयास कोणी नाही. काही दिवस दूरचित्रवाणीवरून धडे देऊन पाहिले. फुटबॉलचे सामने मात्र चालू राहिले! वर्ग बंद आणि मैदान चालू, असे त्या वर्षीचे वेळापत्रक होते.

हा भार कोणावर किती पडला तेही पाहण्यासारखे आहे. गोऱ्या मुलांपैकी शेकडा ९३ जणांना खासगी शाळेत, नातलगांकडे किंवा परगावी दुसरी सोय मिळाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे निम्म्यांना कोठेच मिळाली नाही. १९५९ साली सेंट्रलचा पदवीदान समारंभ झालाच नाही.

पण याच वर्षी त्या शहराची सद्सद्विवेकबुद्धीही जागी झाली, आणि ती जागविली गृहिणींनी. सप्टेंबर १९५८ मध्ये अ‍ॅडोल्फाइन टेरी या वयोवृद्ध बाईंच्या पुढाकाराने स्त्रियांची एक समिती स्थापन झाली. शाळा उघडा, एवढीच तिची मागणी होती. भीती इतकी होती की सभासदांची यादी गुप्त ठेवावी लागली. ५ मे १९५९ रोजी शाळामंडळातील तीन कडव्या सभासदांनी, इतर तिघे सभा सोडून गेल्यावर, ४४ शिक्षक व अधिकारी एका बैठकीत बडतर्फ केले. मुख्याध्यापक जेस मॅथ्यूज आणि मुलींच्या उपमुख्याध्यापिका एलिझाबेथ हकबी हेही त्यांत होते. एकत्रीकरणाचे नाव काढताच गप्प बसणारे नागरिक आपल्या मुलांच्या शिक्षकांवर घाव पडताच उठले. २५ मे रोजी मतदान होऊन त्या तिघांनाच मंडळातून दूर करण्यात आले. पुढे न्यायालयाने शाळा बंद करण्याचा कायदा रद्द ठरविला आणि १२ ऑगस्ट १९५९ रोजी शाळा उघडली. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, १९६० साली, पहिल्या नऊ जणांपैकी जेफर्सन थॉमस आणि कार्लोटा वॉल्स यांनी त्याच शाळेतून प्रमाणपत्रे घेतली.

ही हकीकत ऐकून, 'अमेरिकेत असे चालते तर!' म्हणून आपण समाधान मानू नये. लिटल रॉकच्या शाळा ओस पडल्या होत्या, त्याच काळात, फेब्रुवारी-मार्च १९५९ मध्ये, किंग आपल्या देशात आले होते. मुंबईत ते मणिभवनात राहिले. पुढे दक्षिणेत, त्रिवेंद्रम येथे, ज्यांना अस्पृश्य म्हणत अशा समाजाच्या मुलांच्या शाळेत ते गेले. तेथील मुख्याध्यापकांनी, अमेरिकेतील आपलेच एक अस्पृश्य बंधू, अशी त्यांची ओळख करून दिली. ती ऐकून आपण प्रथम चकित झालो व दुखावलो आणि मग त्यातील सत्य आपणांस पटले, असे किंग यांनीच पुढे सांगितले आहे. आपल्या मुंबई कायदेमंडळात १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला होता. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा सर्वांस खुल्या असाव्यात, असा तो ठराव. तो कागदावरून पाणवठ्यावर न्यावयास १९२७ साली महाडास चवदार तळ्यावर जावे लागले. ठराव आणि पाणी यांच्यामधले अंतर कोणास तरी चालावेच लागते. लिटल रॉकमध्ये ते मुलांनी चालून दाखविले.

सेंट्रल हायस्कूल आजही शाळाच आहे. १९९७ साली, चाळीस वर्षांनी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्या नऊ जणांसाठी तिचे दार स्वहस्ते धरून ठेवले. १९९८ साली ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली. तरीही तेथे घंटा होते, तासिका बदलतात, सामन्यांच्या तारखा लागतात.

आपल्या शाळेच्या फलकासमोरून जाताना मला अलीकडे एक सवय लागली आहे. फलकावर काय लिहिले आहे ते वाचून झाले की, गर्दीच्या मागे एखादा मुलगा किंवा मुलगी न वाचताच निघून जात आहे काय, हे मी पाहतो. कोणाजवळ वर्गणीचे पैसे नसतात, कोणास आपले नाव कोणी घेणार नाही असे वाटत असते. अशा मुलाला हाक मारून त्याचे नाव स्नेहसंमेलनाच्या यादीत आपणच घालावे. त्यासाठी सेना लागत नाही. शिक्षकाच्या हातातील खडू पुरतो.