जैविक महारेणू

जैविक महारेणू म्हणजे सजीवांच्या पेशींमध्ये तयार होणारे, हजारो किंवा त्याहून अधिक अणूंचे बनलेले मोठे रेणू होत. बहुशर्करा (जटिल कर्बोदके), प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले हे त्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत. मेदांचा अभ्यास सामान्यतः यांच्यासोबतच केला जातो. मात्र मेदांचे रेणू तुलनेने लहान असतात आणि ते एकसारख्या घटकांच्या लांब साखळीचे बनलेले नसतात. त्यामुळे काटेकोर अर्थाने ते महारेणू ठरत नाहीत. पेशीतील पाणी वगळल्यास उरणाऱ्या वस्तुमानाचा बहुतांश भाग या चार गटांतील पदार्थांचा असतो.

संकल्पना आणि रचना

लहान रेणू रासायनिक बंधांनी एकमेकांना जोडले जाऊन अतिशय लांब रेणू तयार होऊ शकतात, हा विचार जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडला. आरंभी त्याला मोठा विरोध झाला. पुढे याच कार्यासाठी त्यांना १९५३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

साखळीतील लहान घटकास एकवारिक आणि संपूर्ण साखळीस बहुवारिक म्हणतात. दोन घटक जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. पचनाच्या वेळी याच्या उलट क्रिया घडते. पाण्याचा रेणू वापरला जाऊन बंध तुटतो. घटकांचे प्रकार मोजकेच असले तरी त्यांची जोडणी आणि क्रम बदलला की रेणूचे गुणधर्म बदलतात. सजीवसृष्टीतील विविधतेचे रासायनिक मूळ यात आहे.

बहुशर्करा

ग्लुकोजसारख्या साध्या शर्करा जोडल्या जाऊन बहुशर्करा तयार होतात. वनस्पती ऊर्जेचा साठा स्टार्चच्या रूपाने, तर प्राणी यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपाने करतात. सेल्युलोज वनस्पतींच्या पेशीभित्तिकेस, तर कायटिन कीटकांच्या बाह्यकवचास बळकटी देते. उसाच्या रसातील साखर केवळ दोन शर्करांची बनलेली असल्याने ती महारेणू नाही. चिपाडातील सेल्युलोज मात्र महारेणू आहे.

जोडणीचे महत्त्व ज्वारीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. मालदांडी ज्वारीचा ‘एम ३५-१’ हा वाण मोहोळ येथे निवड पद्धतीने विकसित झाला, तर मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावांत ज्वारीचे दाणे भाकरीसाठी आणि कडबा जनावरांसाठी वापरला जातो. दाण्यातील स्टार्च आणि कडब्यातील सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतात. फरक फक्त ग्लुकोजचे रेणू कोणत्या दिशेने जोडले आहेत, एवढाच असतो. माणसाच्या लाळेतील व आतड्यातील विकरे स्टार्चमधील बंध तोडू शकतात. म्हणूनच भाकरीचा घास बराच वेळ चावल्यास किंचित गोड लागतो. सेल्युलोजचे बंध तोडणारे विकर मात्र मानवी शरीरात नसते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजीव ते काम करतात. माणसाला न पचणारे सेल्युलोज तंतुमय पदार्थ म्हणून मलविसर्जनास मदत करते.

प्रथिने

प्रथिने २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. अमिनो आम्लांच्या क्रमानुसार साखळीला विशिष्ट घड्या पडतात आणि त्या आकारावर प्रथिनाचे कार्य अवलंबून असते. विकरे रासायनिक क्रियांचा वेग वाढवतात, हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते, इन्शुलिन रक्तशर्करेचे नियमन करते, प्रतिपिंडे रोगजंतूंचा प्रतिकार करतात, तर केराटिनपासून केस व नखे बनतात. उष्णतेमुळे या घड्या उलगडतात. अंडे उकडल्यावर त्यातील पांढरा बलक घट्ट होतो, तो याच कारणाने.

न्यूक्लिइक आम्ले

डीएनए आणि आरएनए ही न्यूक्लिओटाइडांची बहुवारिके आहेत. डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेचे प्रारूप जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडले. डीएनएमधील चार प्रकारच्या घटकांच्या क्रमात आनुवंशिक माहिती साठवलेली असते. ती आरएनएमार्फत रायबोझोमपर्यंत पोहोचते आणि तेथे प्रथिने तयार होतात. लागोपाठचे तीन घटक मिळून एका अमिनो आम्लाचा संकेत होतो. या संकेतांच्या उलगड्याबद्दल हरगोबिंद खुराना यांना १९६८ मध्ये विभागून नोबेल पारितोषिक मिळाले.

या क्रमातील एका घटकाच्या बदलाचा परिणाम सिकलसेल आजारात दिसतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने ऑक्सिजन कमी असताना हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. महाराष्ट्रात विदर्भात तसेच नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत हा आजार आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे विवाहापूर्वीची रक्ततपासणी महत्त्वाची मानली जाते.

मेद

तेल आणि तूप यांतील मेद हे ग्लिसरॉल व मेदाम्ले यांचे बनलेले असतात. एक ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी, तर कर्बोदके किंवा प्रथिने यांच्या एक ग्रॅमपासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. फॉस्फोलिपिडांपासून पेशीपटल तयार होते.

आहारातील महत्त्व

मानवी शरीर प्रौढपणी नऊ अमिनो आम्ले स्वतः तयार करू शकत नाही. ती आहारातूनच मिळवावी लागतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिनचे प्रमाण कमी असते, तर तूर, हरभरा इत्यादींच्या प्रथिनांत लायसिन पुरेसे, पण मेथिओनिन कमी असते. भाकरीसोबत वरण, पिठले किंवा उसळ खाल्ल्यास एकातील उणीव दुसऱ्याने भरून निघते. केवळ भाकरी आणि चटणीवर भागवावे लागणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या वाढीच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

भारतीय आहारातील प्रथिनांच्या संशोधनात जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (१९११–१९९८) यांचे कार्य मोलाचे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना स्त्री असल्याच्या कारणावरून सुरुवातीस प्रवेश नाकारण्यात आला होता. १९३३ मध्ये अटींसह प्रवेश मिळाल्यावर त्यांनी दूध व डाळींमधील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी, नीरा इत्यादी सामान्य जनतेच्या आहारातील पदार्थांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले.