बार्तोलो मास्कारेल्लो (वायनरी)

इटलीच्या वायव्येकडील पिडमाँट प्रदेशात, कूनेओ जिल्ह्यातल्या बारोलो या खेड्यात असलेली मास्कारेल्लो कुटुंबाची वायनरी. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर ज्यूलिओ मास्कारेल्लो यांनी ती सुरू केली. त्यांचे पुत्र बार्तोलो (१९२६–२००५) यांच्या नावाने ती आज ओळखली जाते आणि बार्तोलो यांची कन्या मारिया तेरेसा ती चालवते. स्वतःची जमीन सुमारे ५ हेक्टर, म्हणजे साडेबारा एकरांच्या आत-बाहेर. एवढ्याशा मळ्याला वाइनच्या जगात जे वजन आहे, ते येथे न केल्या गेलेल्या गोष्टींमुळे अधिक आहे.

बारोलो हे गावाचे नाव आणि वाइनचेही. ही लाल वाइन केवळ नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांपासून करावी लागते आणि ती द्राक्षे लांगे टेकड्यांतल्या ठरावीक ११ गावांच्या शिवारातली असावी लागतात. नेब्बिओलो हे मोठे लहरी पीक आहे. त्याला फूट लवकर येते, त्यामुळे वसंतातल्या हिमकडाक्याची धास्ती. पिकते मात्र सगळ्यांच्या मागून, बहुधा ऑक्टोबरात, जेव्हा खालच्या दऱ्या धुक्याने भरून जातात. इटालियनमध्ये धुक्याला ‘नेब्बिया’ म्हणतात आणि द्राक्षाचे नाव त्यावरूनच पडले, असे सर्रास सांगितले जाते. (नाशिककडच्या बागायतदाराला ऑक्टोबर म्हणजे छाटणीची धांदल, लांगेत त्याच महिन्यात घड उतरतात.) उन्हाकडे तोंड असलेला उतार मिळाला नाही तर हे द्राक्ष धड पिकतच नाही. त्याची साल पातळ, वाइनचा रंग फिका, विटकरीकडे झुकणारा; पण तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही भरपूर. रंग पाहून हलकी समजून घोट घेणाऱ्याची जीभ पहिल्याच घोटाला आखडते. हा तुरटपणा कसा आणि किती वेळात मवाळ करायचा, या एकाच प्रश्नाभोवती बारोलोचे सारे वाद फिरतात.

ज्यूलिओंच्या तरुणपणी लांगेतला शेतकरी वाइन विकत नसे, द्राक्षे विकत असे. तोडणीच्या दिवसांत माल आल्बा शहरात न्यायचा आणि दलाल व मोठे मद्यव्यापारी ठरवतील तो भाव घ्यायचा. नाशवंत माल गाडीत भरलेला असताना घासाघीस कोण करणार? पिकवणाऱ्यानेच वाइन करून आपल्या नावाने बाटलीत भरायची, ही तेव्हाची नवी आणि धाडसाची गोष्ट होती. ज्यूलिओंचे वडील बार्तोलोमेओ गावच्या सहकारी वायनरीत तळघराचे काम पाहत असत, त्यामुळे कसब घरात होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ज्यूलिओंनी मोक्याच्या जमिनींचे तुकडे जमवले. बार्तोलो दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टविरोधी पार्टिझानांबरोबर होते. युद्ध संपल्यावर ते वडिलांच्या हाताखाली कामाला लागले. तो काळ टेकड्या ओस पडण्याचा होता. आल्बात फेरेरोचा चॉकलेटचा कारखाना आणि तुरीनमध्ये फियाटचे मोटारींचे कारखाने माणसे ओढून घेत होते. द्राक्षमळ्यात राबण्यापेक्षा महिन्याचा पगार बरा, हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा होता.

मळे चार आहेत. कान्नुबी, सान लोरेन्झो आणि रुए हे तीन बारोलो गावच्या हद्दीत. चौथा रोक्के शेजारच्या ला मोरा गावात. कान्नुबी ही बारोलोतली सर्वांत नावाजलेली टेकडी. तिचे नाव असलेली १७५२ सालची एक बाटली आजही जपून ठेवलेली आहे. त्या वेळी ‘बारोलो’ हे नाव वाइनला लागलेलेही नव्हते. अशा टेकडीची मालकी हाती असताना कुणीही तिचे नाव लेबलावर ठळक छापील. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बहुतेकांनी तेच केले आणि २०१० पासून तर मळ्यांच्या नावांची अधिकृत यादीच झाली. मास्कारेल्लोंकडे मात्र चारही मळ्यांतली द्राक्षे एकत्र करून एकच बारोलो बनते. मिश्रण शेवटी चव पाहून केलेले नसते. द्राक्षेच एका टाकीत एकत्र आंबतात.

यामागे रोकडा व्यवहार आहे. गारपीट एका उतारावर होते, दुसऱ्यावर होत नाही. एखाद्या वर्षी उंचावरचा मळा नीट पिकत नाही, तर कोरड्या वर्षी तोच सावरून घेतो. एका मळ्याची कसर दुसऱ्याने भरून काढायची, हा लांगेचा जुना रिवाज होता. एका मळ्याची वाइन वेगळी बाटलीत भरण्याची पद्धत बहुतांशी १९६०च्या दशकात आली. तेव्हा ‘मळ्याचे नाव म्हणजे अस्सलपणा’ ही आजची समजूत या घराच्या मिश्रणापेक्षा वयाने लहान आहे.

वाइन करण्याची रीत वर्णनाला साधी आहे, निभवायला अवघड. घडांचे देठ काढून द्राक्षे सिमेंटच्या टाक्यांत जातात. किण्वन द्राक्षांवर आणि तळघरात मुळातच असलेल्या किण्वांमुळे (यीस्टमुळे) होते. बाजारातले तयार यीस्ट घालत नाहीत. आंबताना निघणाऱ्या वायूबरोबर साली वर येऊन त्यांचा जाड थर रसावर टोपीसारखा बसतो. तो वाळू दिला तर वाइन आंबून शिरका होण्याची भीती, म्हणून खालचा रस काढून त्यावर सतत ओततात. जोरदार किण्वन संपल्यावरही साली लगेच उपसत नाहीत. महिनाभर, चांगल्या वर्षी ५० दिवसांपर्यंतही रस सालींवर मुरत राहतो. चहा जास्त उकळला की कडू होतो, तसा येथेही तुरटपणा वाढत जाणार असे वाटते. पण दीर्घ मुरवणीत तुरटपणा देणाऱ्या टॅनिनचे रेणू एकमेकांना जुळून मोठे होतात आणि जिभेवर त्यांची धार कमी होते, असा जुन्या पद्धतीच्या कारागिरांचा अनुभव आहे.

त्यानंतर वाइन ‘बोत्ती’मध्ये जाते. ही ओक लाकडाची प्रचंड पिंपे. एकेकात अडीच ते पाच हजार लिटर मावतात. लाकूड क्रोएशियाच्या पूर्वेकडील स्लावोनियाचे (शेजारच्या स्लोव्हेनियाशी नामसाम्यामुळे गोंधळ होतो). पिंप जितके मोठे आणि जुने, तितका लाकडाचा वास वाइनला कमी लागतो. फटींतून झिरपणारी थोडी हवा मात्र मिळत राहते आणि तुरटपणा सावकाश मवाळ होतो. कायद्याने बारोलोला तोडणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने थांबावे लागते, त्यांपैकी १८ महिने लाकडात. मास्कारेल्लोंकडे लाकडातलाच मुक्काम तीन वर्षांच्या आसपास असतो. बाटलीत भरताना वाइन गाळत नाहीत, म्हणून जुन्या बाटलीच्या तळाशी साका सापडतो. तो दोष नव्हे. बाटली दिवसभर उभी ठेवून हलक्या हाताने ओतली की झाले.

१९८०च्या सुमारास लांगेतल्या काही तरुण उत्पादकांनी हे सगळे उलटवायचे ठरवले. फ्रान्समधल्या बर्गंडीतले उत्पादक सुमारे २२५ लिटरची नवी छोटी पिंपे, ‘बारीक’, वापरतात आणि मोटारीतून फिरतात. आपण मात्र बापाची कुबट पिंपे सांभाळत बसलो आहोत, ही त्यांची तक्रार होती. त्यांचा म्होरक्या एलिओ आल्तारे याने वडिलांची पिंपे यांत्रिक करवतीने कापून काढली. ती गोष्ट लांगेत दंतकथेसारखी सांगतात. सालींवरची मुरवण महिन्यावरून काही दिवसांवर आली. नव्या ओकचा व्हॅनिलासारखा वास घेऊन गडद, मऊ, लवकर पिता येणारी बारोलो तयार झाली आणि अमेरिकी समीक्षकांनी ती डोक्यावर घेतली. या तरुणांना ‘बारोलो बॉइज’ म्हणत. २०१४ साली त्याच नावाचा माहितीपटही निघाला. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. जुन्या तळघरांतली अस्वच्छता खरी होती आणि १९८६ साली मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाइनमुळे इटलीत २०हून अधिक माणसे दगावल्यावर इटालियन वाइनवरचा विश्वासच उडाला होता. काहीतरी बदलणे भागच होते.

बार्तोलो यांनी मात्र बारीक पिंपांना उंबऱ्याआत येऊ दिले नाही. त्यांना हट्टी म्हातारा म्हणून हिणवले गेले, आणि वीस-पंचवीस वर्षांनी चाके फिरून त्याच जागी आली : मोठी पिंपे परतली, मुरवणीचे दिवस वाढले, आल्तारेंच्या पिढीतल्या कित्येकांनी मध्यममार्ग धरला. या नोंदीपुरते एवढे म्हणता येईल की ‘परंपरा’ हा शब्द या घराबाबत जपून वापरावा. सिमेंटची टाकी ज्यूलिओंच्या काळात आधुनिकच होती. शेतकऱ्याने स्वतः बाटली भरणेही. खुद्द कोरडी, साखर न उरलेली बारोलो ही एकोणिसाव्या शतकातली घडण आहे. त्याआधी नेब्बिओलोची वाइन बहुधा गोडसर असे. बार्तोलो यांनी वडिलांची रीत जपली, ती तपासून, पटली म्हणून.

उतारवयात ते चाकांच्या खुर्चीला खिळले आणि लेबलांवर रंगीत चित्रे काढू लागले. हाताने रंगवलेली ती लेबले आज संग्राहक शोधत असतात. त्यांतले सर्वांत गाजलेले इटलीतल्या २००१च्या निवडणुकीच्या सुमाराचे : ‘ना बारीक, ना बेर्लुस्कोनी’. सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी हे तेव्हा दूरचित्रवाहिन्यांचे मालक आणि उजव्या आघाडीचे नेते होते. ती निवडणूक त्यांनी जिंकली. बार्तोलो यांच्या लेखी चकचकीत पिंप आणि चकचकीत पुढारी एकाच माळेचे मणी होते. विनोद म्हणून लेबल झकास आहे. लाकडाच्या आकाराचा राजकारणाशी संबंध जोडणे कितपत न्याय्य, हे बारीक वापरणाऱ्या डाव्या विचारांच्या उत्पादकांना विचारावे लागेल.

मारिया तेरेसा १९९३ पासून वायनरीत आहे. तिने मळे वाढवून उत्पादन फुगवण्याचा मोह टाळला. लांगेत जमिनीचे भाव ज्या वेगाने चढले, ते पाहता आता वाढ करणे सोपेही राहिलेले नाही. २०१४ साली युनेस्कोने लांगे, रोएरो आणि मोंफेर्रातो येथील द्राक्षमळ्यांचा भूप्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला. त्यानंतर बारोलोच्या गल्ल्यांत पर्यटकांची वर्दळ आणखी वाढली. बारोलोखेरीज येथे दोल्चेत्तो, बार्बेरा, फ्रेइझा आणि लांगे नेब्बिओलो या वाइन होतात. दोल्चेत्तो ही पिडमाँटमधली रोजच्या जेवणाची वाइन. तिला वर्षानुवर्षे थांबायची गरज नसते, आणि दीर्घकाळ मुरणाऱ्या बारोलोची वाट पाहत असताना घर चालते ते अशाच बाटल्यांवर.

मोंकिएरो गावातील ‘ज्युसेप्पे मास्कारेल्लो ए फील्यो’ ही मोनप्रिव्हातो मळ्याच्या बारोलोसाठी ख्यातनाम असलेली वायनरी वेगळी आहे. आडनाव तेच आणि पद्धतही जुनीच असल्याने दुकानातल्या फळीवर दोहोंची गल्लत होते. लेबलावरचे पहिले नाव पाहावे.