पर्माफ्रॉस्ट प्रदेशातील मिथेन उत्सर्जन

पर्माफ्रॉस्ट प्रदेशातील मिथेन उत्सर्जन म्हणजे सायबेरिया, अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंड आणि स्कँडिनेव्हियाचा उत्तर भाग येथील गोठलेल्या जमिनी, दलदली व तळी यांतून मिथेन वायू वातावरणात मिसळण्याची प्रक्रिया होय. ज्या जमिनीचे तापमान सलग किमान दोन वर्षे ०° सेल्सिअस किंवा त्याहून कमी राहते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उत्तर गोलार्धातील या प्रदेशाच्या मातीत सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठलेला आहे. वातावरणात आज असलेल्या कार्बनाच्या तो जवळजवळ दुप्पट भरतो. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापत आहे. त्यामुळे या साठ्याचे पुढे काय होणार, हा प्रश्न केवळ भूशास्त्रज्ञांपुरता उरलेला नाही.

निर्मिती

पर्माफ्रॉस्टवरील मातीचा थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याखालची गोठलेली जमीन पाणी मुरू देत नाही. म्हणूनच पाऊस बेताचा असूनही टंड्रा प्रदेशात जागोजागी दलदल आढळते. पाण्याने भरलेल्या मातीत ऑक्सिजन पोहोचत नाही. अशा ठिकाणी आर्किया गटातील सूक्ष्मजीव वनस्पतींच्या कुजलेल्या अवशेषांपासून मिथेन तयार करतात. कोकणातील पाणी भरलेल्या भातखाचरांत घडते ती क्रिया मूलतः हीच. दलदलीतून निघणारा हा ज्वालाग्राही वायू अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ मध्ये इटलीतील मॅजोरे सरोवरातून गोळा केला होता.

तयार झालेला सर्वच मिथेन बाहेर पडत नाही. मातीच्या वरच्या, हवेशीर थरातील दुसरे सूक्ष्मजीव त्यातील बराचसा वापरून टाकतात व त्याचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये होते. या पहाऱ्यातून सुटण्याच्या वाटा मुख्यतः दोन आहेत. एक, बुडबुड्यांच्या रूपाने वेगाने वर येणे. दुसरी, लव्हाळ्याच्या कुळातील कापूसगवतासारख्या वनस्पतींच्या पोकळ ऊतींतून नळीतून जावे तसे बाहेर पडणे.

वितळलेली जमीन कोरडी पडली, की तिच्यातील कार्बन प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. तीच जमीन खचून पाण्याखाली गेली, तर मिथेन वाढतो. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनचा तापवण्याचा प्रभाव, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या कालावधीत ८० पटींहून अधिक धरला जातो. म्हणून तापमानाइतकेच पाण्याच्या पातळीलाही या विषयात महत्त्व आहे, जे लोकप्रिय लेखनात बहुधा निसटते.

प्रमुख निरीक्षणे

स्वीडनमधील आबिस्कोजवळ स्टोरडालेन नावाची दलदल आहे. तेथील मिथेनच्या नोंदी १९७० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. बर्फामुळे उंचावलेले पीटचे कोरडे उंचवटे वितळून खचले व त्यांच्या जागी ओली, गवताळ दलदल पसरली. १९७० ते २००० या काळात या भूभागातील मिथेन उत्सर्जन २२ ते ६६ टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

ईशान्य सायबेरियात येदोमा नावाची, हिमयुगात साचलेली, बर्फाने गच्च भरलेली गाळमाती आहे. तिच्यातील बर्फ वितळला की जमीन बसते, खड्ड्यात तळे साचते आणि ते तळे आपल्या काठाखालची जमीन आणखी वितळवू लागते. केटी वॉल्टर, सर्गेई झिमोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेर्स्कीजवळच्या तळ्यांतील बुडबुडे मोजले. हिवाळ्यात हे बुडबुडे बर्फात अडकून स्पष्ट दिसतात, याचा त्यांना मोठा उपयोग झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार तेथील उत्सर्जन पूर्वीच्या अंदाजाच्या सुमारे पाचपट होते. कार्बन-१४ च्या साहाय्याने काही बुडबुड्यांतील मिथेनचे वय ३५,००० वर्षांहून अधिक निघाले; म्हणजे हा कार्बन हिमयुगातील वनस्पतींचा होता.

उत्सर्जन उन्हाळ्यापुरतेच असते, हा समजही टिकला नाही. शरद ऋतूत माती वरून व खालून गोठू लागते, पण मधला थर कित्येक आठवडे ०° सेल्सिअसच्या आसपास ओलाच राहतो व सूक्ष्मजीवांचे काम चालू राहते. अलास्कातील टंड्रामध्ये वर्षभरातील निम्मे किंवा त्याहून अधिक मिथेन सप्टेंबर ते मे या थंड काळात बाहेर पडत असल्याचे २०१६ मध्ये दिसून आले.

प्रमाणाविषयी मतभेद

वृत्तपत्रांत या विषयासाठी ‘मिथेन बाँब’ हा शब्द वारंवार येतो. तो दिशाभूल करणारा आहे. जगातील पाणथळ जमिनींतून निघणाऱ्या मिथेनचा मोठा वाटा आजही उष्ण कटिबंधातून येतो. अंटार्क्टिकातील प्राचीन बर्फात अडकलेल्या हवेच्या तपासणीतूनही (२०२०) असे दिसले, की गेल्या हिमयुगाच्या अखेरीस जुन्या कार्बनापासून निघालेल्या मिथेनचा वाटा अल्पच होता. तथापि स्फोट नाही म्हणजे धोका नाही, असेही नव्हे. हळूहळू, शतकानुशतके चालणारे हे उत्सर्जन थांबवण्याचे साधन माणसाच्या हाती नाही. कारखान्याची किंवा वायुवाहिनीची गळती बंद करता येते, तशी टंड्राची करता येत नाही.

मापनातील अडचणी

बहुतेक उपग्रह परावर्तित सूर्यप्रकाशावरून मिथेन मोजतात. ध्रुवीय रात्रीत तो नसतो, त्यामुळे थंडीतील उत्सर्जन त्यांच्या नजरेतून सुटते आणि भिस्त जमिनीवरील केंद्रांवर राहते. आर्क्टिकचा सुमारे निम्मा भूभाग रशियात आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर, २०२२ पासून, तेथील केंद्रांशी पाश्चात्त्य संस्थांचे सहकार्य बहुतांशी थांबले असून येदोमाच्या मुख्य पट्ट्यातील नोंदी आंतरराष्ट्रीय संशोधकांना मिळणे अवघड झाले आहे.