झडलेल्या बोटांचे कोडे

वणीहून वरोऱ्यास जाताना वर्धा नदी ओलांडावी लागते. नदीपलीकडे वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमट्यांनी आनंदवन वसविले. त्यापूर्वी १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले होते, आणि अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. यवतमाळकरांच्या शेजारीच सेवेचा हा इतिहास घडला आहे. तो आपण आदराने सांगतो. परंतु ज्या भयामुळे या वसाहती उभाराव्या लागल्या, त्याची चिकित्सा क्वचितच करतो.

ते भय एका शब्दात होते : झडणे. रक्तपिती झाली की बोटे झडतात, देह सडतो, अशी लोकांची समजूत. म्हणून रोग्याला गावाबाहेर काढीत. नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ साली या रोगाचा जंतू शोधला, तरी बोट आखूड का होते हे कोडे उरलेच.

ते बरेचसे उलगडले आपल्याच देशात. वेल्लोर येथे १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखविले की, मांस आपोआप सडत नाही. मज्जातंतू निकामी होतात, वेदना हरपते. मग तापलेला तवा हाताला कळत नाही, कापूस वेचताना सुकलेल्या बोंडाचे टोक रुतलेले समजत नाही. जखम चिघळते, विकार हाडापर्यंत जातो. त्याच सुमारास डेन्मार्कच्या मोलर-ख्रिस्तेनसेन यांनी नेस्टवेद येथील मध्ययुगीन कुष्ठालयाची दफनभूमी उकरली. तेथील सांगाड्यांत नाकाचे व वरच्या जबड्याचे हाड झिजलेले आढळले.

पण हाड खाते कोण? उत्तर चमत्कारिक आहे : आपलेच शरीर. हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. त्यात बांधणाऱ्या पेशी असतात, तशाच पोखरणाऱ्याही. आणि या पोखरणाऱ्या पेशी रक्तातील भक्षक पेशींच्याच कुळातल्या. १९७२ मध्ये असे दिसून आले की, पांढऱ्या पेशी हाड झिजविणारे द्रव्य सोडतात. १९९८ च्या सुमारास ‘रँकएल’ नावाचे प्रथिन हाती लागले. रक्षक टी-पेशी चेतविल्या गेल्या की तेही तयार करतात, आणि त्याच्या हुकमाने पूर्वज पेशी एकत्र मिळून हाड पोखरणारी मोठी पेशी बनते. दाह दीर्घकाळ टिकला की बांधणाऱ्यांचे कामही मंदावते. एरवी ‘ऑस्टिओप्रोटेजेरिन’ हे दुसरे प्रथिन या हुकमाला आवर घालते. दाहात तो तोल सुटतो. २००० साली या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचे नाव मिळाले. संधिवातात सांध्याचे आणि हिरड्यांच्या रोगात दाताखालचे हाड झिजते, तेही मुख्यतः याच वाटेने.

कुष्ठरोगात मज्जातंतूंची हानीदेखील पुष्कळदा जंतूंपेक्षा त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या रक्षक पेशींच्या दाहानेच होते. राखणदारानेच घराची भिंत पाडावी, तसा हा प्रकार!

मग ‘झडणे’ हा शाप कुठे राहिला? १९८२ पासून बहुविध औषधोपचार उपलब्ध आहे. त्याने रोग बरा होतो. परंतु गेलेले हाड परत येत नाही. म्हणून बधिर चट्टा दिसताच उपचार घेणे आणि बधिर हातापायांना जपणे, हाच या इतिहासाचा व्यवहारी अर्थ. शेकडो वर्षे आपण ज्यांना अपवित्र मानून दूर लोटले, त्यांच्या देहात घडत होते ते आपल्याही देहात घडू शकणारेच होते. एवढे उमगले, तर नदीपलीकडचे आनंदवन आपल्याला थोडे अधिक जवळचे वाटेल.