वाडा पाहावा तिकीट काढून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. इंग्लंडात त्याला एक पुरवणी जोडायला हवी : वाडा पाहावा तिकीट काढून! हे ज्ञान मला रेडिंगला चिरंजीवांकडे मुक्कामाला असताना झालं. बरोबर आमची सौ. आणि ब्याऐंशी वर्षांची आई. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आईची कानटोपी घेऊन आमची स्वारी निघाली.

पहिला मुक्काम विंडसर. किल्ला म्हटल्यावर मी सिंहगडाच्या हिशेबानं बूट करकचून बांधले होते. पण हा पडला राजघराण्याच्या वापरातला किल्ला; पायाखाली गालिचे! विल्यम द काँकररनं तो १०७० च्या सुमारास बांधायला घेतला. १९९२ च्या नोव्हेंबरात त्याला आग लागून शंभरावर खोल्यांची नासधूस झाली. दुरुस्तीला साडेतीन कोटी पौंडांवर खर्च आला आणि त्याच्या भरपाईसाठी १९९३ पासून लंडनचा बकिंगहॅम राजवाडा तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात झाली.

"म्हणजे राणीलासुद्धा घरदुरुस्ती सुटली नाही," सौ. म्हणाली आणि गेल्या पावसाळ्यातल्या आमच्या गळक्या गच्चीची आठवण होऊन माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं एका कपाटाकडे वळलो. तिथं सोन्यानं मढवलेलं, स्फटिकाच्या दातांचं वाघाचं मुंडकं होतं. टिपूच्या सिंहासनाचं! १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इकडे आलेलं.

"आपलंच बघायला आपणच तिकीट काढायचं?" आईनं विचारलं.

"आजी, हळू," चिरंजीव पुटपुटले.

पुढच्या रविवारी सूनबाईच्या हट्टानं बॅसिल्डन पार्क. २००५ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' चित्रपटातलं नेदरफील्ड म्हणजे हाच वाडा. मधाच्या रंगाच्या दगडाचा, दृष्ट लागेल असा. सूनबाई जिन्यात फोटो काढत होती. आई मात्र खिडक्या मोजत होती. "एवढ्या खिडक्या पुसत कोण असेल रे? आणि मुळात एवढा पैसा आला कुठून?"

तिचा दुसरा प्रश्न मी माहितीपुस्तिकेला विचारला. हा वाडा बांधला सर फ्रान्सिस साइक्सनं. क्लाइव्हचा सहकारी, मुर्शिदाबादच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट. अशा गब्बर होऊन परतलेल्या साहेबांना तिकडे कुचेष्टेनं 'नेबॉब' म्हणत. आपल्या नबाबाचाच हा विलायती अवतार. १७७० साली बंगालमध्ये लोक अन्नान्न करून लाखांनी मेले. १७७१ साली साहेबांनी ही जहागीर विकत घेतली आणि १७७६ मध्ये वाड्याचं काम सुरू झालं. दोन्ही साली मी आईला शेजारी शेजारी सांगितली. ती काही बोलली नाही. मीही पुस्तिका मिटली.

वाड्यालाही हा पैसा पचला नाही. नातवाच्या हातून १८३८ साली तो गेला, घेतला कापडधंद्यात वर आलेल्या मॉरिसननं. पुढे वाडा ओस पडला, आतली नक्षी उचकटून न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात गेली. मुर्शिदाबादच्या मानानं फारच किरकोळ लूट! शेवटी १९५० नंतर लॉर्ड इलिफ पतिपत्नींनी तो सावरला आणि १९७८ साली नॅशनल ट्रस्टला देऊन टाकला.

मी हे वाचत असताना मागे गडबड झाली. पाहतो तो आई एका रेशमी खुर्चीत विराजमान! खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून तिथं वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं असतं. आईनं ते केर समजून उचललं होतं आणि आता टाकायला डबा शोधत होती. देखरेखीच्या वृद्ध बाई धावत आल्या, पण आईची काठी पाहून थबकल्या. चिरंजीव शरमेनं लाल.

"आजी, ऊठ. ही बसायची खुर्ची नाही!"

"मग कशाची आहे?" आई शांतपणे म्हणाली. "मी काय वाडा परत मागतेय? दोन मिनिटं टेकते आणि उठते."

त्या बाईंनी आई काय म्हणाली ते विचारलं. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

"खुर्ची फार छान आहे, म्हणते," मी सांगितलं.

आई उठली, बोंड पदरानं पुसून पुन्हा जागेवर ठेवलं. मग त्या बाईंनी तिचा हात धरून तिला खालच्या बाकापर्यंत आणून बसवलं. दशमी पुढे केली, तर तीही घेतली.