आठ तासांची परीक्षा

आमचे सेलू हे वर्धा-नागपूर रस्त्यावरचे गाव. येथून वर्ध्याकडे निघालात की पवनार लागते, नागपूरकडे निघालात की केळझर लागते, आणि कुठेच निघाला नाहीत तर मे महिना लागतो. तो इथे ४५ अंशांच्या खाली उतरायला तयार नसतो. कुत्री माठाखालच्या ओल्या मातीत निजतात आणि माणसे कुत्र्यांचा हेवा करतात. अशा मे महिन्यात माझ्या भाच्याने माझ्या कॉम्प्युटरला पळायला लावले.

हा कॉम्प्युटर मी वडिलांच्या वहीसाठी घेतला होता. वडील शाळेत सूतकताई शिकवत. चरख्यावर बसले की शेजारी वही असे. तारीख, किती तार निघाले, धागा कितीदा तुटला आणि का तुटला, एवढेच तीत. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. आमच्या घरात गुणाकार शिकवला तो असा. वहीची पाने बिस्किटासारखी तुटू लागली तेव्हा मी शहाणपणा करून सगळ्या पानांचे फोटो काढले आणि कॉम्प्युटरमध्ये ठेवले. पुढच्याच पावसाळ्यात कौलांनी दगा दिला आणि मूळ वहीचा लगदा झाला. मला फारसे वाईट वाटले नाही. फोटो होते ना!

"मामा, याचा बॅकअप कुठं हाय?" भाच्याने विचारले.

"आहे की. कॉम्प्युटरमध्येच आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टर रिपोर्ट वाचताना बघतात, अगदी तसा.

त्याला मुळात बॅकअपशी कर्तव्य नव्हते. त्याला माझ्या कॉम्प्युटरचा संथपणा सहन होत नव्हता. "तुमच्या मशीनमंदी दम हाय मामा, कंपनीनं बांधून ठेवलाय," असे म्हणून त्याने काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आणली आणि मला ओव्हरक्लॉकिंग समजावून सांगितले. मला ते पेटी चरख्यामुळे चटकन समजले. पेटी चरखा उघडला की दोन चाके दिसतात, एक मोठे, एक लहान. हाताने मोठे फिरवायचे, त्याने लहान फिरते आणि लहान्याने चाती. एका फेऱ्यात चातीचे किती फेरे होतात, ते चाकांच्या मापावर ठरते. कॉम्प्युटरमध्येही एक मूळ ठोका असतो, सेकंदाला १० कोटी. त्याला एका आकड्याने गुणायचे. माझ्या प्रोसेसरचा आकडा ३६ होता, म्हणजे ३.६ गिगाहर्ट्झ. भाच्याने तो ४५ केला, वर विजेचा दाबही थोडा वाढवला, आणि जाता जाता मेमरीचाही वेग चढवून ठेवला. हे 'जाता जाता' लक्षात ठेवावे.

दोन दिवस कॉम्प्युटर खरोखरच पळाला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला निळा पडदा. चौथ्या दिवशी आपोआप बंद. पाचव्या दिवशी पडदाही नाही आणि बंदही नाही, नुसताच गप्प. मला आमच्या एका निवृत्त हेडमास्तरांची आठवण झाली.

एक मात्र सांगितले पाहिजे. हा उद्योग भाच्याच्या पिढीने शोधून काढलेला नाही. १९८४ साली आयबीएमचा पीसी एटी आला, तो ६ मेगाहर्ट्झचा. आत १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवलेला असे आणि त्याच्या निम्म्या वेगाने प्रोसेसर चाले. लोकांनी स्फटिक उपटून १६ चा बसवला आणि घरबसल्या ८ मेगाहर्ट्झ मिळवले. कंपनीने पुढे मशीनमध्येच अशी तजवीज केली की वेग जास्त दिसला तर ते सुरूच होऊ नये. त्यानंतरच्या काळात खोक्यावर 'टर्बो' नावाचे बटण आले. ते वेग वाढवण्यासाठी असावे असा सर्वांचा समज. वास्तविक त्याचा उपयोग वेग कमी करण्यासाठी होता, कारण जुने खेळ नव्या मशीनवर इतके भरधाव पळत की खेळणारा सुरू होण्याआधीच मरे.

खरा सुवर्णकाळ १९९८ चा. इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला. त्याचा गुणक साडेचार आणि ठोका ६६ चा. ठोका १०० केला की तो बहुधा मुकाट्याने ४५० वर चाले आणि महागड्या भावंडांच्या पंगतीला जाऊन बसे. याचे कारण असे की महागड्या पेंटियम-२ ची जवळची मेमरी चिपच्या बाहेर असे आणि निम्म्या वेगाने चाले. या गरिबाची मेमरी थोडी, पण चिपच्या आतच आणि पूर्ण वेगाची. सोबतच लहान होती, पण ती मागे राहत नव्हती. पुढे हे वेड वाढत जाऊन २०११ साली एएमडीच्या एका प्रोसेसरला द्रवरूप हेलियमने गारठवून ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेले गेले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली.

सेलूत द्रवरूप हेलियम मिळत नाही. भाच्याने डेझर्ट कूलर लावला. कॉम्प्युटरचे झाकण काढून तो कूलरच्या तोंडापुढे ठेवला आणि वाळ्याचा सुगंध घेत प्रोसेसर शांत झाला. तासाभराने माझ्या पत्नीने कॅबिनेटच्या पत्र्यावरून बोट फिरवले आणि ओले बोट आम्हां दोघांना दाखवले. ती काही बोलली नाही. कूलर परत आमच्याकडे वळला.

मग रीतसर तपास सुरू झाला. पंख्याच्या जाळीतून निघालेल्या धुळीत कापसाचे तंतूही होते. भोवती जिनिंग असलेल्या गावात त्याचे आश्चर्य नाही. प्रोसेसरवरचा लेप सुकून पापड झाला होता, तो बदलला. विजेचा दाब वाढवला तर उष्णता वाढली; कमी केला तर निळा पडदा. एका संध्याकाळी भाच्याने चार गोष्टी एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर चालला. तो आनंदाने नाचला. दुसऱ्या दिवशी बंद पडल्यावर मी विचारले, चारांपैकी कोणती सोडायची? त्याला सांगता येईना.

परीक्षेसाठी त्याने 'प्राइम९५' नावाचा प्रोग्रॅम चालवला. सतराव्या शतकात मेर्सेन नावाचा एक फ्रेंच धर्मगुरू होऊन गेला. दोनाला दोनाने पुन्हा पुन्हा गुणून शेवटी एक वजा केल्यावर मूळ संख्या कधी उरते, याचा त्याने नाद घेतला होता. अशा संख्या शोधण्यासाठी १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरांना कामाला लावले, त्यासाठीचा हा प्रोग्रॅम. हिशेब लांबलचक आणि उत्तर मात्र आधीच ठाऊक असलेले, त्यामुळे कॉम्प्युटर कुठे चुकला ते लगेच कळते. आमच्या पडद्यावर लाल अक्षरे आली: अपूर्णांकाची चूक ०.४ च्या आत हवी, ती ०.५ आहे.

"एवढ्यानं काय होते?" मी म्हणालो.

"मामा, मशीन बंद पडली असती तं बरं होतं," भाचा म्हणाला. "बंद नाही पडली. चुकीचं उत्तर देऊन चालूच हाय."

हे त्याने म्हटले आणि त्याचाच चेहरा उतरला. कारण आदल्याच आठवड्यात, कॉम्प्युटर 'पळत' असताना, त्याने जागा वाचवण्यासाठी माझे सगळे फोटो एका गठ्ठ्यात दाबून भरले होते आणि मूळचे पुसून टाकले होते.

आम्ही गठ्ठा उघडला. बहुतेक फोटो निघाले. ऑगस्ट १९४१ चे मात्र, वहीची नऊ पाने, अर्ध्यापासून खाली करडी. वरच्या ओळींत वडिलांचे बारीक, तिरपे अक्षर आणि मग एकदम पावसाळी आभाळासारखा सपाट करडा रंग.

त्या रात्री मी भाच्याला रागावलो नाही, कारण कॉम्प्युटरलाच बॅकअप म्हणणारा मीच होतो. त्याला एक लाख रुपयांची गोष्ट सांगितली. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी लाखाचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळचे लाख. नुसता वेग वाढवायचा असता तर कोणीही मोठे चाक बसवून लाख नेले असते. पण अटी बघा! यंत्र हाताने किंवा पायाने, खेड्यातल्या झोपडीत चालावे. बाईने फार न दमता सलग आठ तास चालवावे आणि तेवढ्यात १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. नीट निगा राखली तर वीस वर्षे टिकावे. १६,००० फूट म्हणजे सव्वासहा गुंड्या. हा हिशेब मी तोंडी केला. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढे पायाने चालणारा, दोन चात्यांचा मगन चरखा आला. प्रभुदास गांधींनी त्याला मगनलाल गांधींचे नाव दिले. १९५० च्या दशकात तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांचा अंबर चरखा गाजला. वर्ध्याला मगनवाडीत १९३८ साली उघडलेले संग्रहालय आहे, तिथे गेलात तर या खटपटींच्या पुढे थोडे थांबा.

"आठ तास?" भाचा म्हणाला. "आम्हीबी प्राइम आठ तासच चालवतो."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळे आकडे मूळ जागी नेले आणि एका वेळी एकच बदलू लागला. एकट्या प्रोसेसरचा गुणक ४५ केला: रात्रभर चालला, एक चूक नाही. मग तो ३६ वर आणून एकट्या मेमरीचा वेग चढवला: चाळीस मिनिटांत लाल अक्षरे. दोन पट्ट्यांपैकी एक काढली, दुसरी लावली. एक पट्टी निर्दोष, दुसरी चढवलेल्या वेगाला कच्ची, तीही दुपारच्या उन्हातच. तीन आठवडे आम्ही ज्या प्रोसेसरला शिव्या घालत होतो तो बिचारा निरपराध होता. मेमरी तिच्या मूळ वेगावर आणली, प्रोसेसरचा गुणक ४२ वर ठेवला. "४५ ला चालते ना?" मी विचारले. "चालते," भाचा म्हणाला, "पण मे हाय."

नागपूरला जाण्याआधी त्याने फोटोंच्या तीन प्रती केल्या. एक त्याच्याकडे, एक माझ्या कपाटात आणि एक पत्नीने तांदळाच्या डब्यात ठेवली आहे, तिथे ओल लागत नाही म्हणून. निघताना त्याने १२ ऑगस्ट १९४१ चे पान पुन्हा उघडले. वर लिहिले होते: 'पाऊस. पेळू दमट. धागा ११ वेळा तुटला. माळ बदलली, फरक नाही. चाती बदलली, फरक नाही.' आणि पुढची ओळ सुरू होते तिथूनच करडे.

"मग कशानं तुटत होता?" भाच्याने विचारले.

मी अडगळीच्या खोलीतून पेटी चरखा काढला आहे. पाऊस लागला की बघणार आहे.