थंडीत धावताना किती कॅलरी जळतात?

एनिसमध्ये जानेवारीत पारा साधारण ३ ते ९ अंशांत असतो, शिवाय पाऊस आणि अटलांटिकचा वारा. एवढ्या थंडीत धावलो म्हणजे जास्त कॅलरी जळणारच, असे धरून आम्ही एक हिवाळाभर घरी आल्यावर हक्काने डिंकाचे लाडू खाल्ले. वजन वाढले! मग हिशोब नीट मांडला.

सूत्र (सपाट रस्त्यासाठी, अंदाजे):
वजन (किलो) × अंतर (किमी) = कॅलरी

उदाहरण: वजन ७० किलो, अंतर ५ किमी, म्हणजे ३५० कॅलरी. पण त्या ३५ मिनिटांत नुसते बसूनही सुमारे ४० जळाल्याच असत्या. त्या वजा करता धावण्याची खरी कमाई ३१०.

थंडीचे काय?
स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. धावणाऱ्याला ही ऊब आपोआप मिळते. त्यासाठी वेगळ्या कॅलरी जाळाव्या लागत नाहीत.

जाड कपडे: १ किलो कपड्यांमागे ५ किमीला जेमतेम ५ कॅलरी.
वारा: समोरून आला की खर्च वाढतो, परतताना पाठीशी असला की त्यातला बराचसा वाचतो.
कुडकुडणे: खर्च वाढतो खरा, पण ही धोक्याची घंटा आहे. थेट घरी परता.

थोडक्यात, थंडी म्हणून हिशोबात काहीच मिळवू नका. डिसेंबरमध्ये सूर्य साडेचारच्या आत मावळतो, तेव्हा अंगात चमकणारे जाकीट हवेच. चला तर मग, भेटू फर्गसच्या काठी. लाडू एकच!